टी-जॉइंट

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
रात्री अडीचला माझं बिल्ड आपोआप सुरू होतं.
मी तेव्हा झोपलेली असते.
खाली कॉम्प्रेसर धडधडतो, लाद्या सुटतात,
देवगडच्या जेटीवर कुणीतरी टेम्पो मागे घेत असतं,
आणि पडद्यावर ओळी सरकत राहतात वर, वर,
कुणी न बघता.

पहिले सहा महिने मी त्या तशाच जाऊ दिल्या.
सकाळी खिडकीत उरलेल्या चाळीस ओळी
एवढंच माझं रात्रीचं ज्ञान.
बाकीचं ओहोटीला गेलं म्हणायचं.

मग शिकले : कमांडपुढे बाण, बाणापुढे फाईलचं नाव.
एकेरी बाण आधी पाटी पुसतो,
दुहेरी बाण खाली जोडत जातो.
हे मला कळलं बुधवारी,
मंगळवारची चूक पुसून झाल्यावर.

दाजीबा कुबल खाली सोसायटीत वायरलेसपाशी बसतात.
वहीत बोटीचं नाव, वेळ, किती वाव पाणी,
आणि मध्येच, त्याच निळ्या शाईत : ‘खरखर, १.५०.’
मी हसले होते. “खरखर कित्याक लिवतास?”
“तीच बोलता कधी कधी.”
त्या संध्याकाळी मी दोन्ही धारा एकाच फाईलीत वळवल्या,
उत्तराची आणि तक्रारीची.

पण डोळ्यांनाही काही हवं असतं.
जागी असले तर ओळी दिसाव्यात, नसले तर साठाव्यात.
त्यासाठी एक छोटी कमांड आहे, टी नावाची.
आमच्या विहिरीच्या पंपाला हाच जॉइंट आहे :
नानांनी सूत गुंडाळून, सफेदा फासून बसवलेला,
एक फाटा घरात, एक कलमांना.
मी तो नळीच्या शेवटी बसवला
आणि सतरा रात्री
सगळं हिरवं.

अठराव्या दिवशी पुण्याहून मेघश्यामचा फोन.
“अगं, तू पाठवतेस ते सतरा दिवसांपूर्वीचंच आहे.”

फाईल उघडली. होतं की सगळं.
ओळ चार हजार एकशे बारा :
‘सापडत नाही. थांबतोय.’
सतरा वेळा. तारीख, वेळ, मिनिट, सेकंदासकट.
बिल्ड पहिल्या रात्रीच पडलं होतं.
पण विचारणारा विचारतो नळीच्या शेवटच्यालाच,
आणि शेवटी होता टी.
त्याने बिचाऱ्याने एक अक्षर सांडलं नव्हतं.
त्याने शून्य कळवलं.
आमच्या धंद्यात शून्य म्हणजे सगळं क्षेम.

खाली जाऊन दाजीबांना सांगितलं, जमेल तसं.
त्यांना बाण कळले नाहीत, नळी कळली.
वही मागे मागे उलटत एका पानावर थांबले.
‘जयमालनी, इंजिन गरम, ६.२०.’
‘जयमालनी, इंजिन गरम, ७.०५.’
‘जयमालनी, खरखर.’
खाली सेक्रेटरीची सही, ऐटदार, दोन टिंबं देऊन.
बोट मिठबावच्या खडकावर चढली होती.
तांडेल अजून लंगडतो, मीही पाहिलाय त्याला बाजारात.
“मी लिवलंय,” दाजीबा म्हणाले.
“वाचलां कोणी?”

आता नळीत मधला कुणीही पडला
तर आख्खी नळी पडली असं धरायला सांगितलंय मी.
एका ओळीचं काम होतं.
आणि पावणेसातला, चहा गाळायच्या आधी,
कालची फाईल वाचते, तळापासून वर.
बहुतेक दिवशी काही नसतं.
हे ‘काही नसतं’ वाचायलाच वीस मिनिटं जातात.

आज मध्येच एक ओळ :
‘जोडणी तुटली. पुन्हा प्रयत्न. ३.१०.’
पुढे सगळं सुरळीत, बिल्ड झालेलं, शून्य खरं.
तरी जिना उतरले.
दाजीबांच्या वहीत, निळ्या शाईत,
‘खरखर, ३.१०.’

त्यांनी चष्मा पुसला.
मी स्टूल ओढलं.